सव्वाशेवरचं शटर

माझा साडू माझ्यापेक्षा चांगले फोटो काढतो. हे एवढंसं वाक्य कबूल करायला मला तीन वर्षं लागली आणि आत्ता लिहितानाही पोटात दुखतंय. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. हसरा आहे, ताटात पडेल ते खातो, कुणाच्याही घरी गेला की त्यांचा बिघडलेला नळ दुरुस्त करून येतो, त्यामुळे सासुरवाडीत दिवसरात्र त्याच्या नावाचा जप चालतो. मी सरकारी खात्यात नकाशे काढतो, भाजीत मीठ कमी असलं तर तसं तोंडावर सांगतो, आणि थोरला जावई आहे. थोरल्या जावयाला पाट आधी मांडतात. कौतुक मात्र धाकट्याचं वाढतात.

प्राण्यापक्ष्यांचे फोटो काढायचं वेड घरात आणलं मी. अकरा वर्षांपूर्वी मी पहिला कॅमेरा घेतला तेव्हा हा भिया (इंदुरात भावाला असंच म्हणतात) मोबाईलवर फोटो काढायचा, तेही अर्धं बोट लेन्सवर ठेवून. मी रविवारी सकाळी सिरपूरच्या तलावावर चिखलात पोटावर पडलेला असायचो आणि हा घरी अंथरुणात. पुढे त्याला हौस आली. कोणता कॅमेरा घ्यायचा ते त्यानं मला विचारलं. अपर्चर म्हणजे काय, शटर म्हणजे काय, हे त्याला माझ्या गॅलरीत बसवून, पुढ्यात पोहे-जिलेबी ठेवून मी शिकवलं. "दादा, तुम्ही फार सोपं करून सांगता," म्हणायचा. मी फुगायचो. गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात, ती अशी पोहे खाऊन फळते हे मला तेव्हा कळलं नाही.

आता एवढा जळफळाट कशासाठी, ते सांगायला हवं. आमचे सासरे मल्हारगंजात राहतात, नमकीनच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात पाऊल टाकलं की गरम शेवेचा वास येतो. वय शहाऐंशी. आयुष्यभर त्यांनी एका फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं. म्हणजे जुन्या काळी काचेवर नाहीतर फिल्मवर जी निगेटिव्ह असायची, तिच्यावर सुईसारख्या टोकदार पेन्सिलीनं, भिंगातून बघत, माणसांच्या चेहऱ्यावरचे मुरुमाचे डाग आणि सुरकुत्या बुजवायच्या. अर्ध्या इंदूरच्या लग्नाळू पोरींचे चेहरे माझ्या पेन्सिलीखालून गेलेत, असं ते म्हणतात. दिवसचे दिवस दुसऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेला माणूस. त्यांना फोटोत बाकी काही दिसतच नाही. "चेहरा म्हणजे डोळा," म्हणतात, "उरलेलं सगळं भरताड."

तर आमच्या घरची रीत अशी. संक्रांतीला दोन्ही लेकी-जावई मल्हारगंजात जेवायला. गुळपोळी, तूप, दुपारी गच्चीवर पतंग. जेवण झालं की सासरे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात, आणि आम्ही वर्षभरातला आपला एक फोटो, एकच, मोठा प्रिंट करून त्यांच्या हातात द्यायचा. ते खिशातून भिंग काढतात, आणि प्राण्याचा जो डोळा आपल्याकडे असेल त्याच्यावर टेकवतात. पापणीचे केस (पक्षी असेल तर डोळ्याभोवतीची पिसं) मोजता आले, तर फोटो उलटा करून मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची एक छोटी खूण करतात. नाही मोजता आले, तर काही बोलत नाहीत. फोटो पालथा करून मांडीवर ठेवतात आणि विचारतात, चहा कोण टाकतंय.

दहा संक्रांती माझे फोटो पालथे पडले होते.

साडूनं तीन संक्रांतींना फोटो आणले. तिन्हींच्या पाठीवर खूण.

माझ्या पहिल्या फोटोत खंड्या होता, काठीवर बसलेला, निळाशार. मी अपर्चरचा आकडा सगळ्यात लहान ठेवला होता, कारण आकडा लहान तितकं लेन्समधलं भोक मोठं, आणि मागचं सगळं कसं लोण्यासारखं वितळून जातं. दिसायला झकास. पण भोक मोठं केलं की फोटोत जो स्वच्छ येणारा पट्टा असतो तो बोटभर उरतो, आणि माझ्या खंड्याची चोच त्या पट्ट्यात होती, डोळा बाहेर. सासऱ्यांनी भिंग टेकवलं, उचललं, चहा कोण टाकतंय. पुढच्या वर्षी मी शहाणा झालो, अपर्चर सोळावर नेलं. चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं स्वच्छ यायला हवं होतं. पण भोक बारीक केलं म्हणजे उजेड कमी, तो भरून काढायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं, आणि तेवढ्यात त्या बगळ्यानं मान हलवली. चहा. मग पिंगळा आणला, त्यात माझेच हात हलले होते. मग खारीचा आणला, तो आठवला तरी लाज वाटते. प्रत्येक वेळी माझी चूक नवी असायची, एवढंच काय ते माझं कर्तृत्व.

या मारातून मी शिकलो. चेहराच भरून घ्यायचा असेल तर अपर्चर आठच्या आसपास, म्हणजे जवळच्या डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत निभावतं. शटर हजाराच्या वर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं, कारण प्राणी उभा असला तरी उभा नसतो. चावतो, कान झाडतो, श्वास घेतो, आणि एवढ्या लांब लेन्समधून तो श्वासही दिसतो. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायची. दाणे येतात फोटोत, येऊ देत. दाणेदार डोळा चालतो, हललेला चालत नाही. हे मला सात वर्षांनी उमगलं, आणि आठव्या वर्षी साडूनं पहिल्यांदा विचारलं, "दादा, वानराचा चेहरा काढायचाय, अपर्चर किती ठेवू?" मी गाढवासारखा सांगून बसलो. आठ, आणि हजार.

त्याच्या पहिल्याच फोटोला खूण मिळाली. माझ्या आकड्यांवर. त्याच दिवशी माझा कोल्हा पालथा पडला होता, कारण मी स्वतःचंच ऐकलं नव्हतं आणि मागची झाडं वितळवण्याच्या नादात पुन्हा आकडा खाली आणला होता. घरी येताना बायको स्कूटरवर मागून म्हणाली, "अहो, किती छान आला होता ना वानर." मी म्हटलं, "हो, तुझ्या मेहुण्यावरच गेलाय." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

मग हे असं झालं की मला रोज सकाळी उठल्यावर आधी तो आठवायला लागला. व्हॉट्सअपवर त्यानं टिटवीचा फोटो टाकला की मी आधी तो मोठा करून डोळा बघायचो, हललेला असावा अशी आशा धरून. नसायचा हललेला. मग मी खाली अंगठा टाकायचो, वर केलेला, तोंडदेखला. लोक त्याला विचारायचे, कसं जमतं भिया, आणि हा लिहायचा, सगळं दादांनी शिकवलंय. ते वाचून तर माझं आणखीच टाळकं फिरायचं. खोटारडा असता, घमेंडी असता, तर द्वेष करायला बरं पडलं असतं.

गेल्या दिवाळीत सासऱ्यांच्या डोळ्यांचं कळलं. पडद्याचं दुखणं. समोर बघितलं की मधोमध काळं डबकं, कडेचं सगळं दिसतं. एक डोळा गेल्यात जमा होता, दुसरा जात होता. ऑपरेशन वगैरे काही नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. सासरे आम्हाला म्हणाले, "या संक्रांतीचे फोटो बघतो. पुढच्याचं सांगता येत नाही."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. पण खरं सांगतो, त्या पाण्याच्या आत एक हिशेबी माणूस बसून म्हणत होता: म्हणजे तुझ्याकडे एकच संक्रांत उरली. सासऱ्यांची खूण मिळवायची ती आता, नाहीतर कधीच नाही. आणि साडूकडे तीन खुणा.

जानेवारीत आम्ही दोघं सांवेरकडे गेलो. गाडी त्याची, माहिती माझी, असंच असतं आमचं. गहू गुडघ्याएवढा झाला होता आणि सकाळी नीलगायी शेतात उतरतात. तिकडे त्यांना रोजडा म्हणतात. एका ठिकाणी रस्त्यालगतच एक नर उभा होता, निळसर काळा, गळ्याला पांढरा डाग, तोंडात गव्हाची पाती. गाडी बंद केली. रोजड्याच्या बाजूच्या पुढच्या खिडकीवर साडूनं आणि मागच्या खिडकीवर मी तांदळानं भरलेली एकेक पिशवी ठेवली, बायकोनं जुन्या जीन्सची शिवून दिलेली, आणि तिच्यावर लेन्स टेकवली. मोटरसायकलवरून एक शेतकरी आला, आमच्याकडे बघून थांबला. "फोटू खींची लो," म्हणाला, "ने फेर साथे लई जाओ इनके. गऊं सगळा खई ग्या." साडू हसून म्हणाला, गाडीत मागे जागा नाही काका, नाहीतर नेलाच असता. त्याला बोलता येतं कुणाशीही. मी आपला लेन्सला डोळा लावून बसलो होतो. काका गेले, रोजडा मात्र हलला नाही, उलट आमच्याकडे तोंड करून चावत उभा राहिला.

असा चेहरा वर्षात एकदा मिळतो. ऊन नुकतं आलं होतं, कोवळं, धुक्यातून गाळलेलं. लांब काळ्या पापण्या, आणि त्यांच्यावर दव. मला लेन्समधूनच कळलं, हाच आपला संक्रांतीचा फोटो. आणि त्याच क्षणी हेही कळलं की पुढच्या खिडकीत हाच फोटो त्याचाही होतोय.

"दादा," त्यानं कुजबुजून विचारलं, "उजेड कमी आहे. किती ठेवू?"

माझं आठ आणि हजार तयार होतं. जिभेवर होतं. मी म्हटलं, "अपर्चर अकरा ठेव. नाकापासून कानापर्यंत स्वच्छ येईल. शटर सव्वाशे."

"सव्वाशे? हलणार नाही?"

"पिशवी आहे ना खाली. उभा आहे तो. आयएसओ उगाच वाढवू नकोस, दाणे येतात."

यातला एकेक शब्द वेगळा धरला तर खरा आहे. कुणी पकडलं असतं तर मी पुस्तकातून सिद्ध करून दाखवलं असतं. पण चावणारा प्राणी सव्वाशेवर थांबत नाही, हे मी दहा पालथ्या फोटोंतून शिकलो होतो, आणि तेच नेमकं मी गिळलं. आयुष्यात मी पुष्कळ कडू बोललोय, खोटं फारसं बोललो नाही. हे बोललो. "बरं," म्हणून त्यानं कॅमेऱ्याची चाकं फिरवलेली मला ऐकू आली, आणि मी माझं शटर दाबलं. आठ, हजार. तो रोजडा दोन मिनिटं तसाच उभा होता. मग कान टवकारले आणि गेला.

परत येताना त्यानं रस्त्यावर गाडी थांबवून मला कचोरी खिलवली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटत होतं, हा आता विचारेल. त्यानं विचारलं ते एवढंच, हिरवी चटणी आणखी हवी का.

संक्रांतीला आम्ही जेवलो. मी तीन पोळ्या खाल्ल्या की चार, आठवत नाही, तोंडाला चव नव्हती. सासरे खिडकीपाशी बसले. माझा फोटो मी त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी सवयीनं भिंग काढलं. टेकवलं. मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली, कोंबडी दाणा बघते तशी, कडेच्या नजरेनं काही पकडता येतंय का बघत. बराच वेळ. मग भिंग खाली ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "डोळा आहे तिथेच काळं आहे. गेलं ते."

सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, माझी खूण गेली. आधी तेच वाटलं. त्यांच्याबद्दल नंतर.

सासऱ्यांनी फोटो पुढे केला. "एक करू. धाकटे जावईबापू, तुम्ही थोरल्यांचा वाचा. थोरले, तुम्ही धाकट्यांचा. भिंग घ्या. खरं काय ते सांगा, खूण मी करतो."

साडूनं माझा फोटो उजेडात धरला आणि भिंग लावलं. त्याचं तोंड मला दिसत होतं. जवळच्या डोळ्याच्या पापणीवरून त्यानं भिंग हळूहळू नेलं, ओठ हलवत, वर्गात पोरांच्या वह्या तपासतो तसं. "मोजता येतात बाबा," तो म्हणाला. "एकेक. दोन केसांच्या मध्ये दवाचा थेंब आहे, तोही दिसतोय. फार सुंदर आलाय." आवाजात एक कण कमीपणा नाही. सासऱ्यांनी फोटो उलटा केला, पेन्सिल काढली आणि खूण केली. अकरा वर्षांनी. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मुलगा पास झाल्यासारखं.

मग त्याचा फोटो माझ्या हातात आला. भिंगाची गरज नव्हती. डोळा होता, पापणी होती, केस कुठे नव्हते. सगळ्या केसांचा मिळून एक काळा फराटा. सव्वाशे. मी तरी भिंग लावलं, नाटक म्हणून. खरं काय ते सांगा, म्हणाले होते. मी खरं सांगितलं. "नाही बाबा. हललाय."

"चावत होता ना तो," साडू म्हणाला. "शटर कमी पडलं. माझीच चूक."

सासऱ्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. चहा कोण टाकतंय, असं ते या वेळी विचारायचं विसरले.

मला खूण मिळाली होती. फोटो मी बाहेरच्या खोलीत टेबलावर, पाठ वर करून ठेवला. येता-जाता ती खूण बघायचो. दोन दिवस मी ऑफिसात लोकांशी गोड बोललो. तिसऱ्या दिवशी साडूचं कार्ड घेऊन कॉम्प्युटरवर बसलो. सगळे फोटो उतरवून जपून ठेवण्याचं काम दोघांचंही माझ्याकडे असतं, कारण त्याचा कॉम्प्युटर त्याच्या मुलीनं बळकावलाय. सांवेरचे फोटो उघडले. पहिला रोजडा: अकरा, सव्वाशे, हललेला. दुसरा तसाच. सहा फोटो तसेच, आणि प्रत्येकाबरोबर मला जरा लाज आणि जरा बरं वाटत होतं.

सातवा उघडला आणि मी खुर्चीत सरळ झालो. आठ, साडेबाराशे. त्यानं सहा फोटो काढून मागच्या स्क्रीनवर बघितले असणार, हलतायत हे कळलं असणार, आणि स्वतःच आकडे बदलले असणार. सातव्यापासून एकविसाव्यापर्यंत सगळे स्वच्छ. चौदावा तर असा होता की मी पापणीचे केस मोजायला लागलो आणि मोजतच राहिलो. माझ्या फोटोत रोजडा कॅमेऱ्याकडे बघतो. याच्या फोटोत तो तुमच्याकडे बघतो. हा फरक मला सांगता येत नाही, पण मला तो तिथल्या तिथे कळला, आणि माझ्या फोटोची खूण डोळ्यांसमोर विटली.

मी फोन लावला. "चौदा नंबरचा का नाही आणलास संक्रांतीला?"

"कोणता, दादा?"

"बनू नकोस. हललेला मुद्दाम आणलास."

"अहो, बाबांची शेवटची वेळ होती," तो म्हणाला. "तुमची एकही खूण नव्हती. माझ्या तीन आहेत, चौथी काय करायची."

"आणि सव्वाशे?"

"तुम्ही मोठे आहात. तुमच्या तोंडावर काय बोलायचं."

म्हणजे त्याला माहीत होतं. गाडीतच माहीत होतं, आणि कचोरी खिलवताना माहीत होतं, आणि माझ्या रोजड्याचा डोळा वाचताना माहीत होतं. मी म्हटलं, "दान केलंस काय मला?" तो म्हणाला, "दान कसलं, दादा." मी फोन ठेवला. माणसानं माणसावर किती जळावं? आतापर्यंत मी त्याच्या फोटोंवर जळत होतो, ते परवडत होतं. फोटो शिकता येतात. आता तो मला अशा ठिकाणी मागे टाकून गेला होता जिथले आकडे मला ठाऊकच नव्हते. चार दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. बायको म्हणाली, "खूण हवी होती, मिळाली. आता काय दुखतंय?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मला वाटलं होतं तशी चिडली नाही. म्हणाली, "तो फोटो बाबांकडे न्या."

रविवारी मी चौदा नंबरचा प्रिंट काढून आणला आणि एकटाच मल्हारगंजात गेलो. सासरे खिडकीपाशीच होते, ऊन अंगावर घेत. जिन्यातल्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"फोटो आणलाय," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"धाकट्यांचा. त्याच रोजड्याचा." आणि मग एका दमात सांगून टाकलं, की त्या दिवशी त्यानं मला आकडा विचारला तेव्हा मी जाणूनबुजून चुकीचा दिला, की त्यानं स्वतःच सुधारला, आणि तरी संक्रांतीला हललेलाच आणला. सासरे खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे जिकडे त्यांना काही दिसत नाही तिकडे.

"माझी खूण पुसून टाकतो, बाबा."

"ती त्यांनी वाचून सांगितली होती. खोटं वाचलं होतं का त्यांनी?"

"नाही."

"मग राहू द्या." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "हा वाचा."

मी वाचला. जवळचा डोळा. वरच्या पापणीचे केस लांब, टोकाला वळलेले, खालचे आखूड. बुबुळात आडवी बाहुली, तिच्यात आकाशाचा पांढरा तुकडा. एक केस तुटलेला आहे, तोही दिसतो. मी मोजत गेलो आणि ते डोळे मिटून ऐकत होते, आणि प्रत्येक केसागणिक माझ्या छातीत तेच जुनं काहीतरी ओढत होतं. ते गेलं नव्हतं. आजही गेलेलं नाही. "मोजता येतात," मी म्हटलं. मग म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगला आहे."

"पुन्हा सांगा."

"माझ्यापेक्षा चांगला आहे, बाबा."

त्यांनी फोटो पालथा केला, पेन्सिल घेतली, पण कोपरा त्यांना सापडेना. टोक कागदावर फिरत राहिलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि कोपऱ्यात नेऊन टेकवलं. त्यांनी खूण ओढली. ती वाकडी गेली, शेपूट जवळजवळ कडेबाहेर. त्यांना रेघेच्या घर्षणावरूनच कळलं.

"माझा हात हलला नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी हलला नाही."

"तुमचा नाही, बाबा," मी म्हटलं. "माझा हलला."